श्रद्धेचा वर्तमानकाळ

मराठी ख्रिस्ती साहित्याचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणे सहसा भूतकाळात चालते. रेव्हरंड टिळक होऊन गेले, लक्ष्मीबाई होऊन गेल्या, पंडिता रमाबाई होऊन गेल्या. फादर स्टीफन्स तर चारशे वर्षांपूर्वीच होऊन गेले. आपण त्यांच्या तसबिरी आदराने पुसतो आणि पुन्हा खिळ्याला अडकवतो. ख्रिस्ती घरांतही याहून फार निराळे घडते असे नाही. आजोबांचे बायबल कपाटात असते, त्याच्या कोऱ्या पानावर घरातल्यांच्या जन्ममृत्यूच्या नोंदी असतात आणि नाताळच्या साफसफाईत त्यावरची धूळ झटकली जाते. श्रद्धा जपली आहे का, असे कोणी विचारले तर आपण त्या कपाटाकडे बोट दाखवतो.

परंतु जपलेली वस्तू आणि जगवलेली वस्तू यांत अंतर आहे. लोणचे जपावे लागते. तुळस जगवावी लागते. हे अंतर ध्यानात ठेवून आपल्या काही ग्रंथांकडे पाहावे, एवढाच या लेखाचा बेत आहे. मी कोणी विद्वान नव्हे. शाळेत मराठी शिकवतो आणि सुट्टीत कादंबऱ्या लिहितो. जन्माने ख्रिस्ती आहे. त्यामुळे हा प्रश्न माझ्यापुरता तरी नुसता पुस्तकांचा नाही. माझ्या मुलांच्या हाती मी काय देणार, कपाटाची किल्ली की आणखी काही, असा तो आहे.

आमच्या कर्जत-खालापूरच्या डोंगरपायथ्याशी हा प्रश्न जरा जास्तच बोचतो. वसईसारखी येथे गावोगाव चर्चे नाहीत. वर माथेरानला साहेबांच्या अमदानीतली आहेत. पण खालची आमची वस्ती विखुरलेली. कोणाचे आजोबा रेल्वेच्या नोकरीने नगरकडून घाटाखाली उतरलेले, कोणी खोपोलीच्या कारखान्यांमुळे येथलाच होऊन गेलेला. रविवारी आठदहा कुटुंबे एखाद्याच्या घरी जमतात, पेटीच्या साथीवर ‘उपासनासंगीता’तली भजने म्हणतात आणि जेवणवेळेला आपापल्या घरी जातात. पाठीशी ना मोठी इमारत, ना मोठी संख्या. अशा जागी श्रद्धा नुसत्या सवयीवर फार दिवस निभत नाही.

आमच्याच रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर गेले म्हणजे हे अंतर डोळ्यांनी पाहता येते. रेवदंड्याच्या कोटात पोर्तुगीजांच्या चर्चांचे भग्न अवशेष आहेत. त्यांतला सातखणी मनोरा दुरूनही दिसतो. खाडीच्या पलीकडे कोर्लई आहे. १७४० साली पोर्तुगीजांनी हा मुलूख मराठ्यांच्या हवाली केला आणि रेवदंड्याची ती चर्चे ओस पडली. कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत मात्र पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिलाफातून झालेली एक बोली अजून बोलली जाते आणि तेथले चर्च भरलेले असते. एका तीरावर दगड उरले, दुसऱ्या तीरावर माणसे. ती बोली कोणी पेटीत बंद करून ठेवली म्हणून टिकली नाही. आया लेकरांना तिच्यातच हाका मारीत आल्या म्हणून टिकली. श्रद्धेलाही हाच नियम लागू असावा, असे मला वाटते. जी रोज वापरात आहे, तीच उरते.

ग्रंथांच्या बाबतीत हा नियम फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’ने सिद्ध केला आहे. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला, येथली भाषा शिकला आणि त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचे मराठी पुराण रचले. १६१६ साली ते रोमन लिपीत छापून निघाले. त्या शतकातल्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. १६८४ साली तर पोर्तुगीज सरकारने देशी भाषांविरुद्ध फर्मानच काढले. तरीही पुराण जगले. लोकांनी ते हाताने उतरून घेतले. गोवा सोडून मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनी ते बरोबर नेले. १९०७ साली मंगळुरास ते पुन्हा छापले गेले आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी देवनागरीत आणले. स्टीफन्सने मराठीची केलेली स्तुती आपण पाठ्यपुस्तकांतून मुलांकडून घोकून घेतो, ते ठीकच आहे. माझे लक्ष मात्र दुसऱ्या गोष्टीकडे जाते. हे पुराण रविवारी आणि सणासुदीला जमलेल्या माणसांना वाचून दाखवण्यासाठी होते. त्यात श्रोता मध्येच शंका काढतो आणि पाद्री तिला उत्तर देतो. शंकेला जागा ठेवलेला ग्रंथ लोकांना आपला वाटतो, आणि आपल्या वाटणाऱ्या ग्रंथाची नक्कल माणसे रात्री दिव्याच्या उजेडात बसून करतात.

याच्या जोडीला बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ ठेवून पाहावे. १८५७ सालच्या या पुस्तकाला मराठीतल्या पहिल्या कादंबरीचा मान दिला जातो, आणि तो त्याला शोभतो. यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते आणि ठिकठिकाणच्या विधवांच्या कहाण्या तिच्या कानी पडतात. त्या कहाण्यांतली कळकळ आजही मनाला चटका लावते. परंतु धर्माचा विषय आला की पात्रे मागे सरतात आणि लेखक पुढे येऊन बोलू लागतो. यमुनेची श्रद्धा आपल्याला सांगितली जाते. ती कमावताना यमुना आपल्याला दिसत नाही. प्रश्न विधवांचे असतात, उत्तर मात्र प्रवासाला निघण्यापूर्वीच गाठोड्यात बांधून घेतलेले असते. पदमनजींना यासाठी फार बोल लावू नये. पुढे कोणी नसताना त्यांनी वाट पाडली. खरा दोष त्यांच्या मागून आलेल्यांचा, ज्यांनी त्या वाटेवरच मुक्काम ठोकला. बोधपुस्तिकांची एक वेगळीच मराठी तयार झाली, इंग्रजीच्या वळणाने चालणारी आणि घरात कोणीही न बोलणारी. अशा भाषेत लिहिलेली श्रद्धा घरात शिरणार तरी कशी?

ती घरात शिरली एका अशा बाईच्या हाताने, जिने शाळेचे तोंड पाहिले नव्हते. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८चा. वडिलांना सोवळ्याचे विलक्षण वेड. बाहेरून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात घेणे नाही. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, नवऱ्याकडून. त्याच नवऱ्याने १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आगगाडीत भेटलेल्या एका गोऱ्या प्रवाशाने टिळकांना नवा करार दिला आणि येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले, ही हकीकत पुष्कळांना ठाऊक असते. परंतु १९३४पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रां’चा जीव त्या हकीकतीत नाही. तो लक्ष्मीबाईंच्या पुढच्या पाच वर्षांत आहे.

त्या वर्षांत ही बाई रडली, भांडली, नवऱ्यापासून दूर माहेरच्या माणसांत राहिली. पुन्हा एकत्र राहू लागली तेव्हाही तिने आपली चूल आणि आपले सोवळे वेगळेच ठेवले; टिळकांनी सक्ती केली नाही. आणि मग, कोणीही उपदेश करीत नसताना, तिच्याच मनात प्रश्न उभा राहिला की जाती देवाने केल्या की माणसांनी. उत्तर मिळाले त्याबरोबर तिने दुसऱ्यांच्या हातचे पाणी घ्यायला सुरुवात केली. बाप्तिस्मा नंतरचा, १९०० सालचा. वाचकांनी हा क्रम ध्यानात घ्यावा. आधी पिण्याचे पाणी, मग संस्काराचे पाणी.

कादंबरीकार म्हणून मला या क्रमाचा हेवा वाटतो. आमच्यापैकी कोणी हा प्रसंग लिहिला असता तर आधी पात्राला साक्षात्कार घडवला असता, डोळ्यांत अश्रू आणले असते आणि मग त्याच्या हातून एखादे सत्कृत्य करवले असते. लक्ष्मीबाई उलटे सांगतात, कारण घडले तसे सांगतात. विश्वास ठेवला आणि मग वागणे बदलले, असे त्यांच्या बाबतीत झाले नाही. एक पाऊल उचलले आणि त्या पावलाने पुढची वाट दाखवली. पुढे त्यांच्या घरात पोरक्या मुलांची सदा वर्दळ; हातात आलेला पैसा टिळक दुसऱ्याच्या हातावर ठेवून मोकळे होणार आणि संध्याकाळच्या भाजीची विवंचना लक्ष्मीबाईंनी करायची. हे सारे त्या हसत सांगतात. नवऱ्याच्या मोठेपणाची थट्टा करतात, आपल्या अडाणीपणाची त्याहून अधिक. जेथे हसायला मुभा आहे, तेथली श्रद्धा भ्यालेली नसते. माझ्या मते या पुस्तकातला हा सर्वांत मोठा धर्मोपदेश आहे, आणि तो कोठेही उपदेश म्हणून येत नाही.

याच हाताचे दुसरे पुस्तकही आपल्यापुढे आहे. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य टिळकांनी आरंभले. १९१९ साली ते वारले. तेव्हा त्यांचे थोडेच अध्याय झालेले होते, आणि पुढचा फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी पुरा केला. एवढी चिकाटी क्वचितच पाहायला मिळते. तरीसुद्धा शंभर घरांत ‘स्मृतिचित्रे’ असतील तर एका घरातही ‘ख्रिस्तायन’ आढळेल की नाही, याची मला शंका आहे. याचा दोष केवळ वाचकांच्या आळशीपणाला देता येणार नाही. ‘ख्रिस्तायना’त ख्रिस्ताची कथा भक्तिभावाने सांगितलेली आहे, ती वाचताना आपण हात जोडून बसतो. ‘स्मृतिचित्रां’त तोच ख्रिस्त चुलीपाशी, आजाऱ्याच्या उशाशी, उधारीच्या हिशेबात कामाला लागलेला दिसतो, तेथे आपल्याला उठावेसे वाटते. व्याकरणाच्या तासाला मी मुलांना सांगतो, वाक्यात कर्ता शोधायचा असेल तर क्रियापदाला प्रश्न विचारा. श्रद्धेचाही कर्ता असाच शोधावा.

टिळकांना स्वतःला हे पुरते उमगले होते. ज्या मिशनमध्ये त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे घालवली, तेथली नोकरी त्यांनी १९१७ साली सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभा करायला घेतला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात यावेत, अशी त्यांची कल्पना होती. वय पंचावन्नच्या घरात, प्रकृती खालावलेली. त्या वयात माणूस निवृत्तीचे हिशेब मांडतो. तो दरबार फार काळ चालला नाही, हे खरे. पण धर्मांतराला बावीस वर्षे झाल्यावरही ज्याला आपली श्रद्धा पुन्हा पहिल्यापासून मांडावीशी वाटते, त्याच्या भजनांना गंज चढत नाही. आमच्या पेटीवर ती अजून वाजतात.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. मास्तर, श्रद्धा म्हणजे चांगली कामे, एवढेच जर तुमचे म्हणणे असेल, तर त्यात ख्रिस्ती ते काय? चांगली कामे तर नास्तिकही करतो. याला उत्तर मी केडगावकडे पाहून देतो. १८९० साली पंडिता रमाबाईंनी आपले शारदासदन मुंबईहून पुण्यास हलवले. १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली वाचवून आणल्या आणि दौंड तालुक्यातल्या केडगावी मुक्तिसदन उभे राहिले. ते आजही चालू आहे. येथपर्यंत ही समाजसेवा म्हणता येईल. परंतु याच रमाबाई पुढे हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांवरून अवघ्या बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर करायला बसल्या. साध्या, अल्पशिक्षित बायकांना ते कळावे हा हेतू. खिळे जुळवायला मुक्तीतल्याच बायका. १९२१ साली पोटची मुलगी मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. बायबल त्यांच्या मागे प्रसिद्ध झाले. भाषांतर म्हणून ते सर्वत्र सुरस उतरले आहे, असे मी म्हणणार नाही. पण हजारांवर माणसांचे पोट भरणाऱ्या बाईला हे दुसरे ओझे उचलण्याची गरज काय होती? गरज एवढीच, की भाकरी ज्या ओढीने भाजली जात होती, त्या ओढीचे मूळ तिला त्या मुलींच्याही हाती द्यायचे होते. १९०५ साली मुक्तीत प्रार्थनेची जी लाट उसळली, ती याच स्वयंपाकघराच्या शेजारी. कृतीवाचून श्रद्धा मृत, असे याकोबाच्या पत्राचे सांगणे आहे. प्रार्थनेवाचून कृती मरत नाही, परंतु थकते, एवढे माझे त्याला जोडपत्र.

हे सारे होऊन गेलेल्यांचे झाले. आजचे काय? आजच्या मराठीत या परंपरेचा सर्वांत ठळक वारसा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी चालवला. जुलै २०२४ मध्ये ते गेले. ‘सुवार्ता’ मासिकाचे त्यांनी वर्षानुवर्षे संपादन केले. वसईच्या वाड्या, बावखले आणि जमीन गिळायला निघालेल्यांविरुद्ध हरित वसईची जी चळवळ उभी राहिली, तिच्या अग्रभागी हा धर्मगुरू होता. त्यांचे ‘सुबोध बायबल’ २०१०चे. त्याला २०१३ साली साहित्य अकादमीचा अनुवादाचा पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे, म्हणजे आजच्या धाराशिवला, झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. धर्माचे कारण पुढे करून त्यांच्या निवडीला विरोधही झाला. तरी आजारी शरीर घेऊन ते तेथे गेले आणि बोलले. त्यांच्या ललित लेखनात मधूनच प्रवचनाचा सूर लागतो, हा टीकाकारांचा आक्षेप मला मान्य आहे. धर्मगुरूच्या लेखणीला तो चुकत नसावा. परंतु बायबलाचे पान आणि वसईच्या विहिरीतले पाणी ही दोन्ही एकाच माणसाची चिंता असू शकतात, हे आमच्या पिढीने त्यांच्याकडून शिकावे. विहिरीचे पाणी खारे होऊ नये म्हणून रस्त्यावर उतरणे हा त्यांच्या लेखी उपासनेचाच भाग होता.

आणि आमचा खालापूर? १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पोटातली इर्शाळवाडी डोंगराखाली गाडली गेली. ठाकरांची वाडी, वर जायला गाडीरस्ता नव्हता, म्हणून यंत्रे चढेनात आणि माणसांनी हाताने चिखल उपसला. सत्तावीस मृतदेह मिळाले. पन्नासांहून अधिक माणसे मिळालीच नाहीत आणि अखेर शोध थांबवावा लागला. त्यानंतरच्या रविवारी आमची मंडळी जमली तेव्हा दोन मते पडली. काही म्हणाले, आज विशेष उपासना करावी. काही म्हणाले, उपासना पुढच्या रविवारी, आज ब्लँकेटे आणि भांडी गोळा करून चौकला पोचवावी. शेवटी आमच्यातल्या सर्वांत वडील आजी म्हणाल्या, “अरे पोरांनो, प्रार्थना वाटेत करा. चालताना तोंड मोकळंच असतं ना?” लक्ष्मीबाई हयात असत्या तर त्यांनी हे वाक्य टिपून ठेवले असते.

त्या दिवशी आम्ही फार मोठे काही केले, असे नाही. सगळ्या महाराष्ट्रातून माणसे आली होती, सर्व जातिधर्मांची, आणि त्यांच्या मदतीपुढे आमची चार गाठोडी म्हणजे काहीच नव्हते. दुःखाने मोडलेल्या माणसांपुढे देवाचे नाव काढायलाही जीभ धजली नाही. परंतु घरी परतल्यावर माझ्या थोरल्या मुलाने विचारले, “देवाने हे कसे होऊ दिले?” मी उत्तर दिले नाही, कारण माझ्यापाशी ते नाही. एवढे मात्र उमजले, की त्याचा प्रश्न कपाटातल्या बायबलाला पडणारा नव्हता. तो डोंगर पाहून आलेल्या पोराला पडला होता. ज्या घरात असा प्रश्न मोठ्याने विचारता येतो, तेथली श्रद्धा अजून श्वास घेते आहे, असे मी समजतो.

आमच्या आजच्या ख्रिस्ती लेखनाकडे माझी तक्रार एवढीच आहे. आम्ही नाताळच्या आठवणी सुरेख लिहितो. आजीच्या हातचे करंजी-नानकटे, मध्यरात्रीची घंटा, गोठ्याचा देखावा. पण जानेवारीतला बुधवार आमच्या लिखाणात येत नाही. त्या बुधवारी आमचे पात्र कचेरीत लाच नाकारते की घेते, आपल्याच मंडळीत जात पाहून सोयरीक ठरली तर बोलते की गप्प बसते, अंथरुणाला खिळलेल्या सासूचे कूस बदलताना त्रासते की नाही, आणि त्रासली तर देवाशी काय भांडते, हे आम्ही लिहीत नाही. कारण ते लिहायचे तर पात्राला शंका येऊ द्यावी लागते, आणि शंका आली तर मंडळीतले लोक काय म्हणतील, ही आम्हाला धास्ती. स्टीफन्सने श्रोत्याला शंका विचारू दिली. लक्ष्मीबाईंनी तर स्वतःच शंका घेतली. आम्हीच तेवढे भितो.

शेवटी एक मास्तरी सूचना करतो. ती ख्रिस्ती वाचकांपुरती नाही. दिवाळीच्या सुट्टीत फराळ झाल्यावर घरात माणसे एकत्र बसतातच. ‘स्मृतिचित्रे’ कपाटातून काढा आणि लक्ष्मीबाईंनी पाण्याचा निर्णय घेतला तो भाग कोणाला तरी मोठ्याने वाचायला लावा. जुन्या काळी ‘क्रिस्तपुराण’ असेच ऐकले जात असे. मध्येच एखादे मूल “पण का?” असे विचारील. त्याला गप्प करू नका. पुस्तक बाजूला ठेवा आणि आधी त्याच्याशी बोला. पुढचे पान उद्या वाचता येईल.